नमुन्याचं पाणी

माझी नोकरी आमच्या मळ्याच्या दोन एकरांवर उभी होती. हे मी बोलायची पद्धत म्हणून लिहीत नाही. ज्या प्रयोगशाळेत मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवलं, तिच्या पायाखाली आमचे गुलाबाचे वाफे होते. पूर्वेच्या खिडकीपाशी ब्युरेटचे स्टँड मांडलेले असत, तिथं लहानपणी मी नानांच्या हाताखाली पाण्याची दारं धरली होती. नाना म्हणजे माझे वडील.

मळा नाशिकच्या कडेला होता. गंगापूर रोड जिथं संपतो असं तेव्हा वाटायचं, त्याच्याही पुढं. जमीन उताराची. वरच्या अंगाला गुलाब आणि शेवंती, खालच्या अंगाला मेथी-कोथिंबीर, घर आणि विहीर. विहिरीला बारमाही पाणी. नाना उजाडायच्या आत फुलं तोडून सायकलवरून फुलबाजारात जायचे आणि दहा वाजेपर्यंत परत यायचे. त्यांच्या बोटांना काट्यांचे ओरखडे कायम असायचे, आणि कुणी विचारलं तर म्हणायचे, माझ्या हातावर बघा, नोटेवर नसंल एवढी नक्षी हाय.

नव्वदच्या सुरुवातीला इंजिनिअरिंग कॉलेजांचं पेव फुटलं. जो उठेल तो संस्था काढायचा, आणि संस्थेला जमीन लागायची. त्यात एक अलिखित रिवाज होता. जमीन देणाऱ्याच्या घरातल्या एकाला कॉलेजात चिकटवायचं. कुणाचा मुलगा शिपाई व्हायचा, कुणाचा पुतण्या क्लार्क. भावात जी खोट बसायची ती अशी भरून निघते, अशी सगळ्यांची समजूत.

मी तेव्हा एम.एस्सी. करून, लग्न करून आणि लग्न मोडून मळ्यात परत आले होते. भावकीतल्या बायका माझ्यासमोर बोलायच्या नाहीत, पाणी भरताना बोलायच्या. आमच्या शेजारी कॉलेज काढणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष जमिनीसाठी घरी आले, तेव्हा नानांनी भावाची घासाघीस केलीच नाही. ते एवढंच म्हणाले, "माझ्या पोरीला मास्तरीण करा, मंग वरचं दोन एकर घ्या. खालचं नाय द्यायचो. तिथं माझी इहीर हाय."

अध्यक्ष हसले. म्हणाले, "शिकलेली आहे तर का नाही घ्यायचं?" त्या वाक्यावर माझं आयुष्य ठरलं.

सुरुवातीची वर्षं मी हवेत होते, हे कबूल केलं पाहिजे. स्टार्चची साडी, खांद्याला पर्स, आणि घरापासून कॉलेज म्हणजे बांध ओलांडायचा. पहिल्या वर्षाला केमिस्ट्री हा सगळ्यांच्या घरातला नकोसा पाहुणा. कॉम्प्युटरची मुलं विचारायची, "मॅडम, आम्हाला याचा काय उपयोग?" मेकॅनिकलवाली विचारायचीही नाहीत, थेट झोपायची. मी आपली घसा ताणून बॉयलरमध्ये जमणारी खपली, लोखंडाचा गंज, कोळशातली राख असं सगळं शिकवायची. आणि पाण्याचा कडकपणा. "कडक पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही," हे वाक्य मी दर वर्षी फळ्यावर लिहायची. मुलं ते वहीत उतरवायची आणि परीक्षेत पुन्हा माझ्याकडं पाठवायची.

कडकपणाच्या प्रॅक्टिकलला मात्र एक अडचण होती. कॉलेजच्या नळाला धरणाचं पाणी यायचं. ते इतकं मऊ की ब्युरेटमधून थोडं द्रावण सोडलं न सोडलं तोच रंग पालटायचा आणि मुलांना काही कळायच्या आत प्रयोग संपायचा. म्हणून मी आमच्या लॅब अटेंडंटला आमच्या विहिरीवर पाठवलं. तो कॅन भरून आणायचा. विहिरीचं पाणी मुळातच थोडं जड, पण पिण्याला गोड. त्यात इंडिकेटर टाकला की काळ्या द्राक्षांच्या रसासारखा तांबडा रंग यायचा, आणि वरून थेंब थेंब सोडत गेलं की शेवटच्या एका थेंबाला तो लख्ख निळा व्हायचा. झोपणारी मुलंसुद्धा तेवढ्यापुरती जागी व्हायची.

नानांना याचा फार अभिमान. फुलबाजारात सांगत सुटायचे, "माझ्या इहिरीच्या पान्यावर इंजिनिअर शिकतात." परीक्षा असली की कॅन ते स्वतः शेंदून भरायचे, आणि संध्याकाळी मला विचारायचे, "झाली का पोरं पास?"

काही वर्षांनी आई डाळीवरून कुरकुरायला लागली. आधी तिनं दुकानदाराला नावं ठेवली, मग गॅसच्या शेगडीला. एक दिवस कुकर माझ्यापुढं आपटून म्हणाली, "पाच शिट्ट्या झाल्या, तरी टणक. तुझ्या त्या शास्त्रात डाळ शिजायचं काय औषध हाय का?" मी हसले. दुपारी तेच वाक्य फळ्यावर लिहून आले होते, आणि तरी माझ्या डोक्यात काही वाजलं नाही.

वाजलं ते प्रॅक्टिकलमध्ये. आमच्याकडं मुलांची एक पद्धत होती. वरच्या वर्षाची मुलं खालच्यांना रीडिंग सांगून जायची. या प्रयोगाला तेरा पॉइंट दोन येतं, असं एकदा ठरलं की पुढची सगळी बॅच तेरा पॉइंट दोन लिहायची. ब्युरेटमध्ये काही का दिसेना. त्या दिवशी मी टेबलांमधून फिरताना पाहिलं, तर ब्युरेटमधलं द्रावण एकोणीसच्या खुणेच्याही खाली उतरलं होतं, आणि मुलगा शांतपणे जर्नलमध्ये तेरा पॉइंट दोन लिहीत होता. पलीकडच्या टेबलावर तेच. त्याच्या पलीकडं तेच. मी विचारलं तर मुलं म्हणाली, "मॅडम, आमचं जरा चुकलं, म्हणून बरोबर असलेलं लिहिलं."

मुलं गेल्यावर मी ताजं द्रावण केलं आणि स्वतः बसले. एकोणीसच्या पुढंच आलं, म्हणजे पाणी जवळजवळ दीडपट कडक झालं होतं. पुन्हा केलं, तेच आलं. क्लोराइड पाहिलं, तर तेही भलतंच चढलेलं. घरी गेले ती सरळ, जमीन दिल्यावर नानांनी विहिरीपाशी नव्यानं लावलेल्या गुलाबाच्या वाफ्यांत गेले. पानांच्या कडा करपल्या होत्या. नाना म्हणत होते, कसला तरी रोग पडलाय. सुरगाण्याकडून दर वर्षी खुरपणीला येणारी दोन कुटुंबं त्या साली आठवडाभर राहून दुसऱ्या मळ्यावर निघून गेली होती. पोरांची पोटं बिघडतात म्हणाली होती. आम्हाला तेव्हा वाटलं, तिकडं मजुरी जास्त असेल.

आमच्या बांधाच्या वर, कॉलेजच्या मागच्या भिंतीलगत, मुलांचं वसतिगृह उभं राहिलं होतं. मी एका रविवारी भिंतीच्या पलीकडं जाऊन पाहिलं. वसतिगृहाच्या सेप्टिक टँकचं पाणी एका शोषखड्ड्यात सोडलेलं. त्याच खड्ड्यात आणखी एक पाइप येत होता. तो कुठून येतो ते पाहत मागं मागं गेले तर आमच्याच प्रयोगशाळेच्या बेसिनपाशी पोचले. पोरांनी प्रॅक्टिकल संपल्यावर ओतलेलं ॲसिड, अमोनिया, ती नारिंगी द्रावणं, सगळं त्या खड्ड्यात. खड्डा मुरमात खणलेला. मुरमातून पाणी उताराला जाणार, आणि उताराला आमची विहीर.

तरी मी लगेच बोंब मारली नाही. शिकवणारीला पुरावा लागतो. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली जातं, तेव्हा क्षार वाढायला हवेत. म्हणून मी सुट्टी लागायची वाट पाहिली. वसतिगृह रिकामं झालं, प्रयोगशाळा बंद झाली, आणि मी लॅबची किल्ली मागून घेऊन दर आठवड्याला पाणी तपासत राहिले. क्षार वाढले नाहीत. उतरत गेले. जुलैत मुलं परत आली, पाऊस पडून विहिरीत नवं पाणी आलं, तेव्हा आकडा आणखी खाली जायला हवा होता. तो चढला. मला एखाद्या परीक्षेत पहिली आल्यासारखा आनंद झाला, आणि पुढच्याच क्षणी रडू आलं. इतकं नेमकं उत्तर मला पुढं कधीही मिळालं नाही.

प्राचार्यांकडं गेले. त्यांनी सगळे आकडे नीट पाहिले, चष्मा काढला आणि विचारलं, "मॅडम, तुमच्या पदाला विद्यापीठाची मान्यता आली का हो?" आली नव्हती. हे त्यांनाही ठाऊक होतं. मी म्हटलं, "सर, मी पाण्याबद्दल बोलतेय." ते म्हणाले, "मी पण." मग त्यांनी आश्वासन दिलं की बघू.

बघितलं ते असं. पुढच्या महिन्यात तपासणीची समिती यायची होती, म्हणून खड्ड्यावर काँक्रीटचा स्लॅब टाकला, स्लॅबवर माती टाकली आणि मातीत गुलाबाची कलमं लावली. कलमं आमच्याच मळ्यातून मागवली होती. नानांनी ती हौसेनं दिली, कारण मी तोवर त्यांना काही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. ते विहिरीच्या काठावर जाऊन बसले आणि जेवायला हाक मारेपर्यंत उठले नाहीत.

मी सरकारी ऑफिसात तक्रार द्यायचं ठरवलं. तसं प्राचार्यांना सांगून टाकलं. लपूनछपून करायचा माझा स्वभाव नाही, आणि त्याचे फटके मी लग्नातही खाल्ले होते. दोन दिवसांनी अध्यक्षांची गाडी मळ्यात आली.

ओट्यावर सतरंजी टाकली. आईनं चहा आणला. अध्यक्षांनी कप हातात घेतला, फुंकर घातली, आणि बोलता बोलता खाली ठेवला. पावसापाण्याचं बोलणं झालं, फुलांच्या भावाचं झालं. मग ते म्हणाले, "नाना, मॅडम आमच्या घरातल्याच आहेत. त्यांची मान्यतेची फाइल आम्हीच लावून धरलीय. आता घरातलं भांडण चव्हाट्यावर न्यायचं, की घरात मिटवायचं, तुम्ही वडीलधारे आहात, तुम्ही सांगा. विहिरीचं म्हणाल तर आम्ही तुम्हाला कॉलेजच्या नळाचं कनेक्शन देऊ." नाना "व्हय" म्हणाले. गाडी गेली. चहावर साय धरली होती. आईनं तो कप उचलला आणि बाहेर नेऊन ओतला.

"बाई," नाना म्हणाले, "तू कंपलेंट नको करू."

मी उसळले. म्हटलं, "विहीर तुमची आहे, नाना. गुलाब तुमचे आहेत. मी पुरावा काढलाय. माझी नोकरी गेली तर गेली, नाशकात काय कॉलेजांचा दुष्काळ आहे? दुसऱ्या कॉलेजात लागेन."

ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "दुसऱ्या कॉलेजाला द्यायला माझ्याकं जमीन नाय आता."

आई म्हणाली, "अहो, असं काय बोलता पोरीला?" नाना म्हणाले, "खोटं बोललो का? इहीर गेली तर मी रडन आन् गप बसन. ही पुन्हा घरात बसली, तर मला नाय बघवायचं." मी तक्रार दिली नाही. माझ्या लेखी ती विहीर त्या संध्याकाळी बुजली. एवढी वर्षं मला वाटायचं की मी शिकले म्हणून मला नोकरी लागली. तसं नव्हतं. नानांनी एकदा जमीन दिली होती, आता विहीर देत होते, आणि दोन्ही वेळा मी फक्त उभी होते.

गुलाब त्या हिवाळ्यात काढून टाकले. नानांनी स्वतः कुदळीनं एकेक खोड उपटलं. मी मदतीला गेले तर म्हणाले, तुझी साडी खराब होईल, तू जा, तास असंल तुझा. तास होता. विषय होता गंजरोधक लेप. मी तो शिकवला.

नळाचं कनेक्शन आलं, घरापुरतं. फुलं गेली, मग मेथीही पिवळी पडायला लागली, तशी भाजीही थांबली. नाना शेवटी मक्याशिवाय काही घेईनात. माझी मान्यता आली, पगार वाढला, आणि मला कशातच राम वाटेनासा झाला. सकाळी बांध ओलांडताना मला रोज तो खड्डा आठवायचा आणि मी रोज त्याच्या कडेनं चालत जायची. वर गुलाब छान फुलले होते. त्यांना नळाचं पाणी मिळत होतं.

मग वरून आदेश आला की प्रत्येक विद्यार्थ्याला पर्यावरणाचा अभ्यास सक्तीचा. इंजिनिअरिंगच्या कुठल्याच शाखेला तो नको होता, म्हणून प्राचार्यांनी तो माझ्या गळ्यात मारला. म्हणाले, "पाण्याचं तुम्हालाच कळतं." त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं. मी ती प्रकरणं शिकवायला लागले. जलप्रदूषण: कारणे, परिणाम, उपाय. उपायांत सगळी मुलं एकच लिहायची, जनजागृती करावी. शंभर पेपरांत शंभर वेळा जनजागृती. मी लाल पेनानं विचारायची, कुणाची? ते पेपर मुलांना कधी परत मिळत नव्हते.

त्या विषयात एक प्रकल्पही होता. मुलांनी प्रदूषित जागा पाहून अहवाल लिहायचा. बसचा खर्च नको म्हणून वरून सांगण्यात आलं, बाजूचा मळा दाखवा. मी नको म्हटलं, तरी मुलं आली. नानांनी त्यांच्यासाठी बाज टाकली, पेरू कापून ठेवले. मुलांनी विहिरीत वाकून फोटो काढले. कॅमेरा एकाकडंच होता, म्हणून बराच वेळ लागला. अहवाल आधीच तयार होता, मागच्या वर्षीच्या मुलांकडून घेतलेला. त्यात फक्त फोटो चिकटवायचे होते.

नानांनी कौतुकानं विचारलं, "काय लिवलंय बाबा माझ्या इहिरीबद्दल?"

एका मुलीनं वाचून दाखवलं. स्वच्छ, शाळेत धडा वाचावा तसं. "शेतकऱ्याने रासायनिक खते व कीटकनाशके यांचा बेसुमार वापर केल्यामुळे या विहिरीचे पाणी दूषित झाले आहे. उपाय: अशिक्षित शेतकऱ्यांमध्ये जनजागृती करणे."

नाना आयुष्यभर शेणखत वापरत आले होते. कॉलेजच्या भिंतीवरून वसतिगृहाच्या खिडक्या दिसत होत्या, गजांवर टॉवेल वाळत होते. माझ्या जिभेवर सगळं आलं. मी तोंड उघडलं तेवढ्यात नानांनी माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली, नको म्हणून. मग त्या मुलीला म्हणाले, "असंल बाई. आमाला काय कळतंय. पेरू घ्या."

त्या अहवालावर मी "कारण तपासा" असं लिहून मार्क कापले. मार्कांची यादी वरून सारखी होऊन आली. सगळ्यांना एकच मार्क.

विहिरीवर पुढं लोखंडी जाळी बसवली. गुरंसुद्धा ते पाणी पीत नव्हती. कॅन घेऊन येणारा आमचा अटेंडंट मात्र येत राहिला. कडकपणाच्या प्रॅक्टिकलला एवढं चांगलं पाणी दुसरीकडं कुठं मिळणार? मी क्षार विकत आणून त्यांचं द्रावण करून द्यायचं सुचवलं, तर विभागप्रमुख म्हणाले, फुकटचं असताना कशाला? एकदा परीक्षेला बाहेरगावचे एक्स्टर्नल आले होते. वयस्कर, तब्येतीत बोलणारे. त्यांनी एका मुलाचा फ्लास्क उजेडाकडं धरला. तांबड्याचा निळा झाला होता, डाग नाही, धूसरपणा नाही. ते म्हणाले, "वा! सॅम्पल कुठून आणता हो, मॅडम?"

"घरून," मी म्हटलं.

ते हसले, त्यांना गंमत वाटली. मी त्यांच्यासोबत जेवणाच्या सुट्टीपर्यंत तोंडी परीक्षा घेत राहिले. कडक पाण्याचे तोटे सांगा, आम्ही विचारायचो. डाळ शिजत नाही, मुलं सांगायची.

संध्याकाळी घरी आले. नाना जाळीपाशी उकिडवे बसले होते. म्हातारे झाले होते, पण त्या सकाळी जाळी बाजूला करून कॅन त्यांनीच भरून दिला होता, नेहमीसारखा. अटेंडंटला ते शेंदू देत नसत. म्हणायचे, तुझ्यानं गढूळ व्हतं. दोर अजून त्यांच्या पायापाशी ओला पडला होता.

"झाली का पोरं पास?" त्यांनी विचारलं.

"झाली, नाना," मी म्हटलं. "सगळी झाली."

त्यांनी दोराची गुंडाळी केली आणि पुढच्या परीक्षेसाठी खुंटीला टांगून ठेवली.